पंप किती पाणी फेकणार, हे पाइपही ठरवतो

महापालिका उदंचन केंद्रातले, म्हणजे पाणी उपसून पुढे ढकलणाऱ्या केंद्रातले, जुने पंप काढून जास्त अश्वशक्तीचे नवे पंप बसवणार, अशी बातमी अधूनमधून येते. वाचणाऱ्याला बरं वाटतं. जास्त अश्वशक्ती म्हणजे जास्त पाणी, हे आपण विहिरीवरच्या मोटारीपासून गृहीत धरलेलं असतं. गडबड तिथेच आहे.

आधी दोन केंद्रांतला फरक. मुंबईत वरळीच्या लव्हग्रोव्हला पावसाचं पाणी उपसणारं केंद्र आहे आणि मैलापाणी उपसणारंही. पहिल्या प्रकारची केंद्रं (हाजी अली, इर्ला वगैरे) मुसळधार पावसात आणि भरतीच्या वेळी कामाला येतात. त्यांचा एकेक पंप सेकंदाला ६,००० लिटर पाणी फेकतो, पण ते उचलायचं असतं थोड्याच उंचीवर. मलजल केंद्राला मात्र सुट्टी नाही. गटाराच्या वाहिन्या उतारावर टाकलेल्या असतात, त्यामुळे पुढे जाता जाता त्या जमिनीत खोल खोल जातात. कुठेतरी हे पाणी वर उचलून पुढे ढकलावंच लागतं, दिवसरात्र. हा लेख या दुसऱ्या केंद्राबद्दल आहे.

आता माझा आवडता भाग. एक केंद्र कल्पनेत उभं करू. केंद्रात मैलापाणी जमा होतं त्या विहिरीतल्या पातळीपासून पाणी १२ मीटर वर चढवायचं आहे आणि पुढे अर्धा मीटर व्यासाच्या, सुमारे अडीच किलोमीटर लांब पाइपमधून ढकलायचं आहे. सेकंदाला २५० लिटर वाहत असताना या पाइपमधलं घर्षण आणखी ८ मीटर उंचीइतकं भारी पडतं. म्हणजे पंपाला एकूण २० मीटरचा जोर, म्हणजे ‘हेड’, द्यावा लागतो. १२ मीटरची चढण हा टोल आहे: गाडी हळू चालवा की जोरात, टोल तेवढाच. घर्षण मात्र प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढतं. प्रवाह दुप्पट, तर घर्षण चौपट.

पंपाचं नेमकं उलटं. तो जितकं जास्त पाणी फेकतो तितका त्याचा जोर कमी होतो. आपला पंप झडप बंद असताना २८ मीटर जोर देतो आणि २५० लिटरला २०. आलेखावर पाइपची रेघ वर चढते, पंपाची खाली उतरते. दोन्ही जिथे छेदतात तेवढंच पाणी वाहतं. एक थेंब जास्त नाही, कमी नाही. पंपावरच्या पाटीवर काय कोरलंय याची पाइपला फिकीर नसते.

मग शेजारी तसाच दुसरा पंप लावला तर? पाइप तोच असेल, तर ५०० लिटर वाहायला १२ अधिक ३२, असा ४४ मीटरचा जोर लागेल. तो कुणाकडेच नाही. समीकरण सोडवलं की उत्तर येतं ३१६ लिटर. पंप दुप्पट, पाणी फक्त २६ टक्के जास्त! शिवाय जोर आता २४.८ मीटर लागतो, म्हणजे लिटरमागे ऊर्जा चोवीस टक्क्यांनी महागली. त्यावर आणखी एक दुखणं: प्रत्येक पंप १५८ लिटरवर, त्याला मानवणाऱ्या प्रवाहापेक्षा बराच खाली चालतो. इम्पेलरमध्ये, म्हणजे पंपातल्या फिरत्या पात्यांच्या चाकात, पाणी उलटं घुमू लागतं, शाफ्टवर एका बाजूने ताण येतो, सील आणि बेअरिंग लवकर जातात.

मोटारीचा वेग कमी-जास्त करणाऱ्या व्हीएफडी या उपकरणाचा विक्रेता सांगतो, वेग निम्मा केला की वीज एक अष्टमांश. पंपाचा नियम म्हणून हे बरोबर आहे, पण आपला टोल त्यात धरलेलाच नाही. वेग ८० टक्क्यांवर आणला की प्रवाह १५२ लिटर होतो, जोर १५ मीटर लागतो. लिटरमागे बचत पाव, म्हणजे वाईट नाही. वेग ६५ टक्क्यांवर नेला तर मात्र पंपाचा कमाल जोर ११.८ मीटर. चढण १२ मीटरची! मोटार गरगर फिरत राहते आणि पाणी वर जातच नाही. त्यात मैलापाणी फार सावकाश वाहिलं तर वाळू आणि गाळ पाइपमध्येच बसतो, हा हिशेब माहितीपत्रकात नसतो.

जुन्या केंद्रात हे दोन्ही आलेख सरकलेले असतात. पावसाळ्यात येणारी रेती इम्पेलर आणि त्याभोवतीच्या कड्या घासत राहते, फट वाढते आणि उचललेलं पाणी आतल्या आत परत फिरतं. पंपाची रेघ खाली येते. बिडाच्या पाइपला आतून गंज चढला, तळाशी गाळ बसला की पाइपची रेघ वर जाते. वाट लागलीय पाइपची आणि बदलताय पंप, असं होऊ शकतं. दोष नेमका कुणाचा, हे कळायला घड्याळ, मोजपट्टी आणि दाबमापक पुरतात. सहा मीटर व्यासाची विहीर पंप बंद असताना चार मिनिटांत एक मीटर भरली, तर आवक सेकंदाला ११८ लिटर. पंप सुरू केल्यावर पाच मिनिटांत एक मीटर उतरली, तर पंप आवक पेलून वर ९४ लिटर उपसतोय. एकूण २१२. पाटीवर २५०. त्याच वेळी पंपाचा जोर अपेक्षेपेक्षा जास्त भरला तर संशय पाइपवर, कमी भरला तर पंपावर. हे मोजल्याशिवाय निविदा काढणं म्हणजे नंबर न तपासता चष्मा करणं.

नव्या पंपाच्या उद्घाटनाला नारळ फुटतो, फुटू द्या. फक्त शेंडी आणि निर्माल्य गटारात जाऊ देऊ नका. काथ्या, सॅनिटरी पॅड आणि ओले वाइप्स यांचा पीळ इम्पेलरला बसला की सगळी गणितं बंद. कार्यक्षमता वाढवायला पाती जास्त आणि वाटा अरुंद ठेवाव्या लागतात. तुंबू नये म्हणून पाती मोजकी आणि वाट रुंद लागते. ८० टक्के कार्यक्षमतेचा पण वरचेवर तुंबणारा पंप कागदावर स्वस्त पडतो. प्रत्यक्षात तो तुंबला की कुणीतरी माणूस तो उघडायला जातो, आणि विहिरीत उतरायची वेळ आली तर तिथे हायड्रोजन सल्फाइड असू शकतो. सडक्या अंड्यासारखा येणारा त्याचा वास प्रमाण वाढल्यावर नाकाला कळेनासा होतो. त्यामुळे थोडी वीज जास्त खाणारा, रुंद वाटेचा पंप निवडणाऱ्या अभियंत्याला लेखापरीक्षकाने उधळ्या ठरवू नये, असं माझं मत आहे.