फड पद्धत आणि ब्लॉक पद्धत एक नव्हे

या दोन्ही शेतीला पाणी देण्याच्या पद्धती. दोन्हींत पिके गटाने घेतात आणि ऊस दरवर्षी जागा बदलतो. त्यामुळे नीरा कालव्यावरचे ब्लॉक म्हणजे खानदेशातल्या फडाचीच सरकारी आवृत्ती, असे बरेचजण धरून चालतात.

फड पांझरा, मोसम, आराम या नद्यांकाठचा, शेकडो वर्षांचा. बंधाऱ्यातून निघालेल्या पाटाखालच्या सगळ्या जमिनीचे तीन-चार फड, म्हणजे मोठे सलग पट्टे, पाडतात. एका फडात एकच पीक. एकात ऊस, दुसऱ्यात गहू-हरभरा, तिसऱ्यात बाजरीसारखे हंगामी. पुढच्या वर्षी अदलाबदल. बहुतेकांचा तुकडा प्रत्येक फडात असतो, म्हणून ऊस कोणा एकाच्या वाट्याला जात नाही. पाणी कमी दिसले की गाव एखादा फडच पडीक ठेवते. अर्धवट भिजवून सगळ्यांचे पीक घालवण्यापेक्षा हे बरे.

एकच पीक का, हे बांधावर कळते. उन्हाळ्यात उसाला आठ-दहा दिवसांनी पाणी लागते, गव्हाला साधारण अठरा-वीस दिवसांनी. उसाला लागून बाजरी असेल तर पाझराने तिची मुळे कुजतात, पाने पिवळी पडतात. सलग फडात पाटकरी, म्हणजे पाणी देणारा माणूस, चारीवरून (पाटातून निघालेल्या लहान पाटावरून) एकेक शेत क्रमाने भिजवत जातो, मधली शेते वगळावी लागत नाहीत. पाटकऱ्याला स्वतः दारे उघडायची मुभा असते, शेतकऱ्याला नसते. जागल्या पीक राखतो, हवालदार सगळ्यांवर देखरेख करतो.

ब्लॉक पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. मुंबई इलाख्यातले अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी ती मांडली. उसासाठी बेसुमार पाणी दिल्याने कालव्याखालच्या जमिनी चोपण, म्हणजे खारावून नापीक, होत होत्या. उपाय असा: शेतकऱ्याला ठरावीक क्षेत्राची काही वर्षांची मंजुरी, त्यातल्या सुमारे एक तृतीयांशावरच ऊस, उरलेल्यावर हंगामी पिके, आणि ऊस पाळीने फिरवायचा. इथे मंजुरी सरकार देते, करार ज्याच्या त्याच्याशी.

ओळखायची खूण सोपी. ऊस संपूर्ण पट्ट्यात सलग असेल तर फड. प्रत्येकाच्या मंजूर क्षेत्रात एक तुकडा असेल तर ब्लॉक. ब्लॉक बिघडतो मंजुरीपेक्षा जास्त ऊस लावल्याने. फडाला मात्र खाजगी विहिरी नडल्या: स्वतःचे पाणी असलेला माणूस गावाने ठरवलेले पीक कशाला लावेल?