तिसरा माणूस आणि चांदीचे कण

‘सापेक्षतावाद जगात फक्त तिघांना कळतो’ हा किस्सा व्हॉट्सॲपवर अधूनमधून फिरत असतो. त्यात ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टनना छेडणारा बहुतेक वेळा कुणी पत्रकार असतो. पण खुद्द एडिंग्टनकडून ऐकून खगोलभौतिकशास्त्रज्ञ चंद्रशेखर यांनी सांगितलेल्या किश्श्यात तो भौतिकशास्त्रज्ञ लुडविक सिल्बरस्टाइन आहे. १९१९च्या नोव्हेंबरात लंडनला आइन्स्टाइनच्या सापेक्षतेची कसोटी पाहणाऱ्या सूर्यग्रहणाचे निकाल जाहीर झाले, तेव्हा तो म्हणाला, त्या तिघांतले एक तुम्ही! एडिंग्टन गप्प. विनय कशाला, असं म्हटल्यावर उत्तर आलं, ‘छे, तिसरा कोण ते आठवतोय.’

बिचाऱ्याला तिसरा म्हणजे आपणच वाटत असणार. ते अगदीच गैर नव्हतं. सापेक्षतेवर त्याचं इंग्रजी पुस्तक १९१४लाच आलं होतं. जन्म १८७२चा, वॉर्सॉतल्या ज्यू घरातला; शिक्षण क्राको, हायडेलबर्ग, बर्लिनला; नोकरी बोलोन्या आणि रोममध्ये. मधल्या काळात फ्रेंच गणितज्ञ पॉइन्कारेच्या ‘विज्ञानाचं मूल्य’चा पोलिश अनुवादही केला. १९२०ला तो अमेरिकेत, रॉचेस्टरच्या कोडॅक कंपनीत गेला.

माझ्या मते त्याचं सगळ्यात देखणं काम तिथलंच. फोटोच्या फिल्मवर सिल्व्हर ब्रोमाइड या चांदीच्या क्षाराचे बारीक कण असतात. डेव्हलपरमध्ये, म्हणजे फोटो उमटवणाऱ्या द्रावणात, कण एकतर पुरता काळा होतो, नाहीतर कोराच राहतो. प्रकाश लाटेसारखा सगळीकडे सारखा पसरत असता, तर एकाच आकाराचे कण एकदमच काळे होण्याजोगे झाले असते. तसं होत नाही. वळवाचे पहिले टपोरे थेंब अंगणातल्या फरश्यांवर पडताना आठवा: एकीवर तीन, शेजारची कोरडी. सिल्बरस्टाइनने १९२२मध्ये मांडलं, की प्रकाशही असाच ‘बाणां’नी येतो. एक बाण लागला की कण काळा, असं धरून दर कणामागे सरासरी एक बाण आला, तर सुमारे ३७ टक्के कण कोरे राहतात. सरासरी दोन केली, तर १३.५ टक्के. म्हणजे कोरे = e⁻ⁿ, n ही ती सरासरी. कण मोठा, तर n मोठा.

(सिल्बरस्टाइन म्हणजे जर्मनमध्ये ‘चांदीचा दगड’. नावावरून नशीब सांगणाऱ्यांनी हुरळून जाऊ नये. त्याचे प्रयोग करणाऱ्या सहकाऱ्याचं आडनाव ट्रिवेली होतं.)

पुढे कळलं, की एक बाण पुरत नाही, कणाला काही फोटॉन (म्हणजे हेच प्रकाशाचे बाण) लागतात, आणि तेही फार अंतराने येऊन चालत नाहीत. म्हणून मंद ताऱ्याच्या फोटोत वेळ दुप्पट केली तरी परिणाम दुप्पट होत नाही. एडिंग्टनने ग्रहणात ताऱ्यांच्या जागा मोजल्या, त्या फोटोच्या काचांवरचे ठिपके अशाच कणांचे होते.