पाठीवर दात असलेले पतंग

पंख मिटून फांदीवर बसलेल्या काही पतंगांकडे बाजूने पाहिले, तर त्यांच्या पाठीच्या मध्यावर एक टोकदार उंचवटा दिसतो. पुढच्या पंखाच्या मागील कडेवर लांब खवल्यांचा एक झुबका असतो. पंख छपरासारखे उतरते मिटले, की दोन्ही बाजूंचे झुबके एकमेकांना भिडतात आणि पतंगाच्या पाठीवर दात उगवल्यासारखे वाटते. ग्रीक भाषेतील ‘पाठ’ आणि ‘दात’ या दोन शब्दांवरून या पतंगांच्या कुलाला ‘नोटोडोंटिडी’ हे नाव मिळाले, आणि याच उंचवट्यामुळे इंग्रजीत त्यांना ‘प्रॉमिनंट मॉथ’ म्हणतात. जेम्स फ्रान्सिस स्टीफन्स या ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञाने 1829 मध्ये हे कुल मांडले. आज त्यात सुमारे 700 प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचे गट) आणि 3,800 जाती गणल्या जातात. अंटार्क्टिका वगळता प्रत्येक खंडात ते आढळतात. उष्ण कटिबंधातील जंगलांत, विशेषतः मध्य आणि दक्षिण अमेरिकेत, त्यांची विविधता सर्वाधिक आहे.

नाव सुटसुटीत असले, तरी ओळख पटवायला ते फारसे उपयोगी नाही. या कुलातील कितीतरी जातींना असा दात नसतो. प्रौढ पतंग बहुधा मध्यम आकाराचे, जाड अंगाचे, केसाळ आणि करड्या किंवा तपकिरी रंगाचे असतात. रात्री दिव्याभोवती जमलेल्या इतर कुलांच्या पतंगांतून त्यांना वेगळे काढणे जाणकारालाही सोपे जात नाही. या कुलाच्या वर्गीकरणाचा इतिहास म्हणूनच मला विशेष महत्त्वाचा वाटतो. डोळ्यांना दिसणारे साम्य आणि खरे नाते यांत किती अंतर असू शकते, हे इथे फार स्पष्टपणे कळते.

आधी डोळ्यांना काय दिसते ते पाहू. युरोपात आढळणारा ‘फॅलेरा ब्युसेफाला’ हा पतंग विश्रांती घेताना रुपेरी करडे पंख अंगाभोवती गुंडाळून घेतो. पंखांच्या टोकांशी फिकट पिवळसर ठिपका असतो आणि डोक्यामागचा केसाळ भागही तसाच पिवळसर असतो. त्यामुळे बसलेला पतंग म्हणजे बर्च झाडाची दोन्ही बाजूंनी नुकतीच मोडलेली काटकी वाटते: मध्ये करडी साल, दोन्ही टोकांना आतले ताजे लाकूड. पूर्व आशियातील ‘युरोपिया मेटिक्युलोडिना’ याच्याही पुढे जातो. त्याच्याकडे पाहताना कडा आत वळलेले, वाळून गुंडाळी झालेले पान समोर पडले आहे असेच वाटते. पानाच्या शिरा, वळलेल्या कडेवरचा उजेड, पोकळीतली सावली असे सारे काही तिथे असते. प्रत्यक्षात पंख सपाट असतात. गोलाई, उजेड आणि सावली हे सर्व त्यावरील रंगीत खवल्यांचे काम आहे.

अशा सोंगांवरून नाते ठरवायला गेले की गोंधळ होणारच, कारण भक्षकांचा डोळा चुकवण्याची गरज सगळ्यांनाच असते आणि एकमेकांशी दूरचा संबंध असलेले पतंगही त्यासाठी सारखाच वेश घेतात. म्हणून अभ्यासकांनी आपले लक्ष सहसा न दिसणाऱ्या अवयवांकडे वळवले. त्यातला पहिला अवयव म्हणजे कान. नोटोडोंटिडी ज्या महाकुलात मोडते, त्या नॉक्टुओइडियातील पतंगांच्या वक्षाच्या मागच्या भागात दोन्ही बाजूंना एकेक कर्णपटल असते. शिकारी वटवाघळांचे, माणसाला ऐकू न येणारे उच्च कंप्रतेचे आवाज त्यावर टिपले जातात. या महाकुलातील इतर कुलांमध्ये हे पटल साधारणपणे मागच्या दिशेला तोंड करून असते. नोटोडोंटिडीमध्ये ते खालच्या दिशेला वळलेले असते. याच महाकुलातल्या नॉक्टुइडी कुलातील पतंगांच्या प्रत्येक कानात ध्वनी टिपणाऱ्या दोन चेतापेशी असतात, तर नोटोडोंटिडीच्या कानात फक्त एक. दोन्ही कान मिळून अवघ्या दोन पेशी, आणि तेवढ्यावर तो वटवाघळापासून जीव वाचवतो. याच्या जोडीला पंखांच्या शिरांचीही खूण आहे. पुढच्या पंखातील एक मुख्य शीर या कुलात तीन फाट्यांची दिसते, तर महाकुलातील बहुतेक पतंगांमध्ये ती चार फाट्यांची असते.

दुसरा पुरावा अळ्यांचा. या कुलातील प्रौढ पतंग जितके साधे, तितक्या त्यांच्या अळ्या तऱ्हेवाईक आहेत. सर्वसाधारण अळीच्या शेवटच्या खंडावर पकड घेणाऱ्या मांसल पायांची एक जोडी असते. या कुलातील बहुतेक अळ्यांमध्ये ती जोडी लहान झालेली किंवा पूर्ण बदललेली असते. अळी मधल्या पायांनी फांदी धरते आणि शरीराचे मागचे टोक हवेत उचलून धरते. ‘स्टॉरोपस फॅगी’च्या अळीचे वक्षावरचे पाय विलक्षण लांब असतात. अंड्यातून नुकतीच बाहेर पडलेली ही अळी मुंगीसारखी दिसते, डिवचली तर मुंगीसारखीच वळवळते, आणि त्या पहिल्या अवस्थेत अंड्याच्या कवचाखेरीज काही खात नाही. मोठी झाल्यावर मागचा फुगीर भाग पाठीवर उलटवून ती बसते, तेव्हा झिंग्यासारखी दिसते.

‘सेरुरा व्हिन्युला’ची अळी जवळून पाहण्याजोगी आहे. पॉप्लर किंवा विलोच्या पानावर ही जाड हिरवी अळी निवांत बसलेली असते. पाठीवर गडद रंगाचा खोगिरासारखा पट्टा आणि शेवटच्या पायांच्या जागी दोन लांब शेपट्या. तिला स्पर्श होताच ती डोके मागे वक्षात ओढून घेते. त्याभोवती तांबडे कडे उमटते आणि कड्यावरचे दोन काळे ठिपके डोळ्यांसारखे रोखून पाहू लागतात. शेपट्यांतून लालसर तंतू बाहेर येऊन चाबकासारखे हलू लागतात. एवढ्यानेही शत्रू हटला नाही, तर डोक्यामागच्या खंडाच्या खालच्या बाजूला असलेल्या ग्रंथीतून ती फॉर्मिक आम्लाची फवारणी करते. पुढे कोशात जाताना ही अळी सालीचे आणि लाकडाचे कण चावून रेशमात मिसळते आणि खोडावरच कोश बांधते. सुकल्यावर तो इतका कठीण होतो, की आतला मऊ पतंग बाहेर येतो तरी कसा, असा प्रश्न पडावा. 1892 मध्ये ओसवाल्ड लॅटर यांनी त्याचे उत्तर दिले: बाहेर पडताना पतंग तोंडातून पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा द्राव सोडतो आणि कोशाची भिंत मऊ करतो. अळीपणी आम्ल आणि पतंगपणी अल्कली असे दोन टोकांचे रसायन एकाच जीवाच्या आयुष्यात येते.

अमेरिकी संशोधक जेम्स मिलर यांनी 1991 मध्ये अळ्या आणि प्रौढ या दोहोंच्या शरीररचनेची सविस्तर तुलना करून या कुलाची नवी मांडणी केली. तिच्यात काही पाहुणे घरचे ठरले आणि एका घरच्याला वेगळे बिऱ्हाड करावे लागले. डायोप्टिनी हा गट पूर्वी स्वतंत्र कुल मानला जात असे, आणि त्याचे कारणही समजण्यासारखे आहे. अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातील हे सुमारे 500 जातींचे पतंग बारीक अंगाचे, नाजूक आणि बहुधा दिवसा उडणारे आहेत. काहींच्या पंखांवर पिवळे-नारिंगी पट्टे असतात. काहींचे पंख पारदर्शक असतात आणि बेचव फुलपाखरांशी ते इतके मिळतेजुळते असतात, की पक्षी फसावेत. त्यांच्यातील ‘जोसिया’ प्रजातीच्या अळ्या कृष्णकमळाच्या वर्गातील वेलींवर वाढतात. करड्या, केसाळ, रात्री फिरणाऱ्या पतंगांशी यांचे नाते असेल, असे नुसते पाहून कोणी म्हणणार नाही. पण शरीररचनेने ते नाते दाखवून दिले आणि डायोप्टिनी हे नोटोडोंटिडीचे उपकुल ठरले. याउलट ऑस्ट्रेलियातील ओइनोसँड्रिडी हा मोजक्या जातींचा गट दिसायला जवळचा असूनही वेगळे कुल म्हणून बाहेर काढावा लागला.

थॉमेटोपोइनी या गटाची कथाही अशीच आहे. तोही एकेकाळी स्वतंत्र कुल होता. यातील केसाळ सुरवंट एकामागोमाग एक रांगेने चालतात. फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ जाँ-आंरी फाब्र यांनी 1896 मध्ये पाइन वृक्षावरच्या अशा सुरवंटांची रांग एका मोठ्या कुंडीच्या काठावर मिळवून बंद वर्तुळ केले, तेव्हा पुढाऱ्याविना ती रांग सात दिवस काठावरच फिरत राहिली. मात्र हे सुरवंट निरुपद्रवी नाहीत. त्यांच्या अंगावरील सूक्ष्म काटेरी केस सहज गळतात, वाऱ्याने पसरतात आणि माणसाच्या त्वचेला, डोळ्यांना व श्वसनमार्गाला तीव्र दाह करतात. हिवाळ्यात पाइनवर रेशमी घरटे करून राहणारी जाती हिवाळे सौम्य होत गेल्यामुळे फ्रान्समध्ये उत्तरेकडे सरकत चालली आहे, आणि ओकवरची तिची भावकी लंडन परिसरात 2006 मध्ये आढळली. ऑस्ट्रेलियातील ‘ऑक्रोगॅस्टर ल्युनिफर’चे सुरवंट चारताना पोटात गेले, तर घोड्यांच्या गाभण माद्यांचा गर्भपात होतो. आफ्रिकेतील ‘अनाफे’ मात्र अनेक सुरवंटांच्या सामाईक घरट्यातून रानरेशीम देतो.

प्रौढ पतंगांपैकी पुष्कळांची सोंड खुंटलेली असते आणि ते काही खात-पीत नाहीत. म्हणून उत्तर अमेरिकेतील ‘ग्लुफिसिया सेप्टेन्ट्रिओनिस’च्या नराचे वागणे चकित करणारे आहे. तो डबक्याच्या काठी तासन्‌तास पाणी पितो आणि ठरावीक अंतराने शरीराच्या मागच्या टोकाने ते चिळकांडीसारखे बाहेर सोडतो. एका बैठकीत त्याच्या वजनाच्या 600 पटींहून जास्त पाणी असे शरीरातून वाहून जाऊ शकते. हवा असतो फक्त सोडियम, कारण अळीपणी खाल्लेल्या पॉप्लरच्या पानांत तो फार कमी असतो. स्कॉट स्मेडली आणि थॉमस आइसनर या संशोधकांनी दाखवले, की हा सोडियम मीलनाच्या वेळी मादीकडे आणि तिच्यातून अंड्यांत पोचतो. ‘टार्सोलेपिस’ प्रजातीतील काही पतंग तर मोठ्या सस्तन प्राण्यांच्या डोळ्यांतील अश्रू पितात.

उपकुले किती आणि कोणती प्रजाती कुठे, यावर अजून एकमत नाही. डीएनएच्या तुलनेने कुलाची बाहेरची सीमा पक्की केली, पण आतल्या भिंती सरकत असतात. अडचण बहुतेक वेळा एकच असते: उष्ण कटिबंधातील असंख्य जाती फक्त दिव्यावर आलेल्या प्रौढ नमुन्यांवरून माहीत आहेत आणि त्यांची अळी कोणी पाहिलेली नाही. कोस्टारिकातील ग्वानाकास्ते संरक्षित क्षेत्रात 1978 पासून जीवशास्त्रज्ञ डॅनियल जॅन्झन आणि पुढे विनी हॉलवॉक्स व त्यांचे स्थानिक सहकारी जंगलातून अळ्या गोळा करतात, त्या ज्या झाडावर सापडल्या त्याच झाडाच्या पानांवर वाढवतात, आणि कोशातून निघालेल्या पतंगाचा डीएनए नोंदवतात. संग्रहालयाच्या पेटीत वर्षानुवर्षे टाचलेल्या एखाद्या करड्या पतंगाला अशा रीतीने त्याची अळी मिळते, आणि मग त्याच्या नावाची चिठ्ठी कधी कधी दुसऱ्या पेटीत हलवावी लागते.