चिंध्यांची बाहुली

चिंध्यांची बाहुली म्हणजे जुन्या कपड्यांचे तुकडे, शिंप्याकडची कातरणे आणि घरातले उरलेसुरले कापड गुंडाळून, बांधून किंवा शिवून घरच्या घरी केलेले खेळणे. बाहुली हा यातला सर्वांच्या ओळखीचा प्रकार. लगोरीचा चेंडू, पाळण्यावरचे चिमणाळे, रुमालाचा उंदीर, कापडी हत्ती-घोडे हीसुद्धा त्याच कुळातली. लाकडी ठकी, सावंतवाडीची रंगीत लाकडी खेळणी किंवा पिंगुळीच्या ठाकर कलावंतांच्या कळसूत्री बाहुल्या यांना कारागीर लागतो, हत्यारे लागतात. चिंध्यांच्या बाहुलीला सुईदोरा पुरतो, आणि कधी तोही लागत नाही. घरातली बाई ती दुपारच्या सवडीत करते, मुलगी शेजारी बसून बघते, आणि पुढच्या सुटीत तीच मुलगी आपली आपण करू लागते. कोकणीत हिला बावली म्हणतात.

कापडाचा शेवटचा मुक्काम

बाहुली कशी होणार हे करणारीच्या मनापेक्षा घरात काय उरले आहे त्यावर जास्त ठरते. नऊवारी लुगडे म्हणजे सव्वाआठ मीटर कापड, पण ते सगळीकडे सारखे झिजत नाही. बसण्याउठण्याचा भाग आणि काष्ट्याची जागा आधी विरते; काठ आणि पदर बराच काळ धड राहतात. पूर्वी विरलेला भाग कापून काढून उरलेले तुकडे जोडत, म्हणजे लुगड्याला दंड घालत, आणि ते आणखी काही महिने नेसत. त्यानंतर गोधडीचा नाहीतर वाकळेचा नंबर लागे. घरात बाळंतीण असेल तर मऊ झालेले सुती कापड आधी तिच्याकडे जाई: दुपटी, लंगोट, झबली, टोपडी, कुंची. त्यातूनही जे धड होते ते घेऊन बोहारीण दारात बसे आणि तासभर घासाघीस करून एखादे पातेले देऊन जाई. मग पुसणी, मग पोतेरे. या सगळ्यांनी हात मारून झाल्यावर जे राही, ते बाहुलीच्या वाट्याला येई.

चिंध्यांच्या बाहुलीचे अंग पांढऱ्या-पिवळट जुनेराचे आणि साडी मात्र जरीकाठाची असते, ती यामुळेच. अंगाला धोतराचा किंवा बनियनचा तुकडा चालतो. नेसवायला लुगड्याचा काठ लागतो, आणि तोच तर सर्वांत शेवटी फाटतो. चार बोटे रुंदीचा काठ बाहुलीला अगदी नऊवारीच्या मापाने बसतो. चोळीसाठी शिंप्याच्या दुकानातल्या खणाच्या कातरणांना पूर्वी मुलींमध्ये मोठा भाव होता. शिंप्याच्या पायाशी पडलेला ढीग उपसायला मिळणे ही एक चैनच होती. शिंपी वैतागे, पण सहसा नाही म्हणत नसे.

जुने उल्लेख

संस्कृतात बाहुलीला पांचालिका आणि पुत्रिका असे शब्द आहेत. अमरकोशात पांचालिका म्हणजे कापड, हस्तिदंत वगैरेंची केलेली बाहुली असा अर्थ दिला आहे, आणि त्यात कापडाचे नाव पहिले आहे.

याहून बोलका उल्लेख महाभारताच्या विराटपर्वात येतो. कौरवांनी विराटाच्या गाई पळवल्या, तेव्हा राजपुत्र उत्तर बृहन्नडेला सारथी करून लढायला निघाला. बृहन्नडा म्हणजे वेष पालटलेला अर्जुन. निघताना राजकन्या उत्तरा आणि तिच्या मैत्रिणी बृहन्नडेकडे एकच मागणे मागतात: भीष्म-द्रोणांना जिंकलेस की आमच्या बाहुल्यांसाठी तलम, रंगीबेरंगी वस्त्रे आण. पुढे अर्जुन संमोहनास्त्राने कौरवसेना भूल घालून पाडतो, आणि त्या धामधुमीत त्याला पोरींचे हे मागणे आठवते. द्रोण आणि कृपाचार्यांची पांढरी, कर्णाचे पिवळे, अश्वत्थामा आणि दुर्योधनाची निळी वस्त्रे काढून घे, असे तो उत्तराला सांगतो. भीष्मांच्या जवळून जाऊ नकोस असेही बजावतो, कारण त्यांना या अस्त्राचा उतारा माहीत आहे आणि ते शुद्धीवर असतील. परतल्यावर ती वस्त्रे अर्जुन स्वतः उत्तरेच्या हाती देतो. अठरा दिवसांच्या युद्धाआधीची ही लढाई अनेकांना गोग्रहण म्हणून आठवते. तिच्या शेवटी बाहुल्यांची लुगडी होती हे मात्र विसरले जाते. महारथींची उत्तरीये झाली तरी बाहुलीच्या हिशेबी ते वापरलेले कापडच.

करण्याच्या रीती

सर्वांत सोपी रीत गाठीची. चौकोनी रुमालाच्या मधोमध चिंध्यांचा लिंबाएवढा गोळा ठेवायचा, रुमाल त्याच्याभोवती आवळून खाली दोरा बांधायचा, की डोके आणि मान तयार. समोरासमोरच्या दोन टोकांना गाठी मारल्या की हात होतात. उरलेला रुमाल घेरदार झग्यासारखा लोंबतो. शिवण नाही, कात्री नाही. रडणाऱ्या पोरासाठी एस.टी.त बसल्या बसल्या होणारे खेळणे ते हेच. रुमालाचा उंदीर याचाच चुलतभाऊ. रुमालाची त्रिकोणी घडी घालून, टोके आत दुमडून गुंडाळी करतात आणि ती पुन्हापुन्हा आतबाहेर उलटवतात. शेवटी दोन शेपट्या बाहेर येतात: एक शेपूट म्हणून ठेवायची, दुसरीची गाठ मारून तोंड आणि कान. तो तळहातावर ठेवून दुसऱ्या हाताने गोंजारता गोंजारता खालच्या बोटांनी हळूच उडवला की मूल दचकते आणि लगेच 'पुन्हा' म्हणते. ही बोटांची लबाडी साधारणपणे आजोबांकडे असते.

दुसरी रीत सुरळीची. दोन वीत लांब पट्टी वातीसारखी घट्ट वळून सुरळी करतात आणि ती मधोमध दुमडतात. दुमडीवर कापडाची गोळी ठेवून वरून पांढरा तुकडा ताणून बसवायचा आणि खाली बांधायचा, की चेहरा झाला. मग दुमडलेल्या दोन पदरांच्या मधून, मानेच्या लगेच खाली, दुसरी आखूड सुरळी आडवी सरकवायची, हे हात. छातीवरून दोरा फुलीसारखा फिरवून कमरेला आवळला की हात हलत नाहीत, आणि खाली सुटलेली दोन टोके पाय होतात. शेतातले बुजगावणेही याच फुलीवर उभे राहते; तिथे काठ्या असतात, इथे सुरळ्या.

शिवलेली बाहुली ही खरी कसोटी. दोन पदर सुलट बाजू आत ठेवून एकमेकांवर घ्यायचे, आकार पेन्सिलीने काढायचा आणि कडेने उलटी टीप घालायची. धावदोरा इथे चालत नाही. भरण कोंबताना तो उसवतो. एका कुशीला दोन बोटे जातील एवढी फट ठेवायची. मान आणि काखेच्या वळणावर शिवणीपर्यंत बारीक काप द्यायचे, नाहीतर उलटवल्यावर तिथे चुण्या पडतात. कापड उभ्या धाग्यात कापावे. उरेब कापले तर भरताना ते ताणत जाते आणि सडपातळ म्हणून काढलेली बाहुली भोपळ्यासारखी होते. भरण आधी हातापायांच्या टोकांत, पेन्सिलीच्या बोथट बाजूने, चिमूटचिमूट ढकलायचे. मोठा बोळा एकदम कोंबला की जन्मभर गाठ राहते.

नवखी करणारी हमखास फसते ती मानेत. आठवड्याभराच्या खेळण्याने तिथले भरण खाली उतरते आणि बाहुली मान टाकते. उपाय म्हणून काही जण खराट्याची काडी घालतात, पण कापड विरले की ती बाहेर येऊन मुलाला टोचते. जुनेराची घट्ट सुरळी डोक्यापासून पोटापर्यंत एकसंध घालणे हा त्यापेक्षा शहाणपणाचा उपाय. फट शेवटी हेमटाक्याने मिटवतात. काम संपल्यावर सुया मोजायच्या. एक कमी भरली तर बाहुली पुन्हा उसवायची, त्यात आळस करायचा नाही.

भरणासाठी सरकी काढलेला कापूस, सावरीचा कापूस, भुसा किंवा नुसत्या चिंध्या घालतात. कापूस मऊ खरा, पण धुतला की त्याचे गोळे होतात आणि पावसाळ्यात तो आतून वाळतच नाही. कोकणात अशा बाहुलीला आषाढातच कुबट वास येऊ लागतो. चिंध्या भरलेली बाहुली जड आणि खडबडीत होते, पण कुशीचे टाके उसवून आतले सगळे काढता येते, धुता येते आणि परत भरता येते. केसांना काळी लोकर, काथ्या किंवा मक्याच्या कणसाचे केस. डोळे-नाक दोऱ्याच्या टाक्यांनी, आणि कुंकू मात्र खऱ्या कुंकवाचे, त्यामुळे पहिल्याच धुण्यात कपाळ गुलाबी.

चेंडू आणि चिमणाळे

चिंध्यांचा चेंडू हा मुलग्यांचा प्रांत समजला जाई. आत एखादी घट्ट गाठ घेऊन त्यावर पट्ट्या दर वेळी दिशा बदलत गुंडाळतात. एकाच दिशेने गुंडाळला तर चेंडूचा बटाटा होतो. वरून सुतळीची जाळी विणतात किंवा सायकलच्या जुन्या ट्यूबच्या रबरी चकत्या ताणून बसवतात. हा चेंडू फारसा उसळत नाही, आणि लगोरीला तेच हवे असते: तो नेमका लागतो, पण लांब पळत नाही. आबाधोबीत पाठीत बसला तर लागतो, पण काच फुटत नाही. पावसात भिजला की त्याचे वजन दुप्पट होते आणि मग कोणी पाठ द्यायला तयार होत नाही.

चिमणाळे पाळण्यावर टांगतात. रंगीत कापडाचे छोटे चौकोन तिरपे दुमडून, शिवून, भरून त्यांच्या चिमण्या आणि पोपट करतात, आणि ते दोऱ्यात ओवून एका कड्याला लोंबते सोडतात. झोका दिला की ते फिरतात. खाली निजलेल्या बाळाला बघायला दुसरे काही नसते, म्हणून रंग भडक हवेत. फिकट रंगांचे हल्लीचे चिमणाळे आईबापांच्या आवडीचे असते.

खेळ, वास आणि भीती

चिंध्यांच्या बाहुलीची खरी जागा भातुकलीत. तिथे तिचे लग्न लागते, रुमालाचा अंतरपाट धरला जातो, मुरमुऱ्यांची पंगत उठते आणि वरपक्ष बहुधा रुसतो. बाहुला अनेकदा नसतोच. मग बाहुलीलाच धोतर नेसवून निभावून नेतात.

ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी 1951 मध्ये मांडले की, लहान मूल आईपासून वेगळे होण्याच्या काळात एखादे कापड किंवा मऊ खेळणे घट्ट धरून ठेवते आणि त्याच्या आधाराने तो काळ पार करते. आईच्या साडीचा तुकडा गालाशी धरल्याशिवाय न झोपणारी पोरे ज्या घरांत वाढली, त्यांना हे नव्याने सांगावे लागत नाही. अशा बाहुलीत वास असतो. ती हौसेने धुऊन वाळत घातली की मूल तिला ओळखत नाही आणि रात्री घर डोक्यावर घेते.

एका कापडी बाहुलीशी मात्र कोणी खेळत नाही. बांधकामावर, ट्रकच्या पुढे किंवा गोठ्याच्या दारावर दृष्ट लागू नये म्हणून टांगलेली काळी बाहुली करायची रीत तीच, सुरळीची आणि गाठीची. करणीची भीती बाळगणाऱ्या गावांत तिठ्यावर पडलेली चिंध्यांची बाहुली पोरांना उचलू देत नाहीत, मग ती शेजारच्याच मुलीची हरवलेली का असेना. उत्तर प्रदेशात याच्या अगदी उलट, नागपंचमीला मुली चिंध्यांच्या बाहुल्या मुद्दाम करून टाकतात आणि मुलगे त्या छड्यांनी बडवतात. तिथे त्या सणाचे नावच गुडिया आहे.

खरी भीती बाळगावी ती बटणांची. खेळण्यांसाठीच्या भारतीय मानकात, आयएस 9873 मध्ये, तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यातला सुटा होणारा भाग 31.7 मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात पूर्ण मावत असेल तर तो घशात अडकण्याजोगा धरतात. शर्टाचे बटण त्यात सहज जाते. म्हणून तान्ह्यांच्या बाहुलीला डोळे दोऱ्याचेच हवेत. गुंजेचे डोळे दिसायला सुरेख, पण गुंजेचे बी चावले गेले तर जीवघेणे विषारी असते. ते कोणत्याही वयाच्या मुलाच्या खेळण्याला लावू नये.

शाळा आणि बाजार

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह ते काम कोसबाडच्या टेकडीवर नेले. मॉन्टेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्यात परवडणारी नव्हती, म्हणून तिथे शंख, शिंपले, बिया अशा आसपासच्या वस्तूंची साधने झाली. मॉन्टेसरींच्या मूळ साधनांतही कापड आहेच: डोळे बांधून नुसत्या स्पर्शाने जोड्या लावायचे तुकडे. बालवाडीत हा संच फुकट जमतो. खादी, रेशीम, मांजरपाट, मखमल, कांबळे यांचे दोन-दोन तुकडे कापले की झाले.

शेजारच्या मध्य प्रदेशात झाबुआच्या भिल्ल वेषातल्या कापडी बाहुल्यांनी बाजार मिळवला. तिथल्या रमेश आणि शांती परमार या दांपत्याला 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. महाराष्ट्रात बचत गटांच्या प्रदर्शनांत गोधडीच्या टाक्याचे हत्ती आणि कासवे दिसतात, पण त्यांतली बरीचशी नव्या कापडाची असतात, कारण गिऱ्हाइकाला 'जुन्या कपड्यांचे' हे शब्द आवडत नाहीत. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले; नोंदणीकृत हस्तकारागिरांना त्यातून सूट आहे, आणि घरच्या पोरीसाठी शिवणारीचा त्याच्याशी संबंध येत नाही.

तिची अडचण वेगळीच आहे. घरातले कापडच बदलले. पॉलिस्टरची साडी विरत नाही, मऊ पडत नाही. कापली की तिच्या दशा सुटतात आणि सुईखालून ती निसटते. अशा घरांत आता अंगासाठी सुती टी-शर्ट आणि मोजे कामाला येतात. टाच घासून गेलेल्या मोज्याच्या बोटांकडच्या भागाचे डोके छान होते, आणि मोज्याचा घोट्यावरचा ताणलेला काठ बाहुलीच्या टोपीला आयता मिळतो.

आपल्याकडच्या जुन्या बाहुल्या मात्र सहसा कुठे बघायला मिळत नाहीत. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये रोमन काळातल्या इजिप्तची एक आहे, जाड्याभरड्या लिननच्या कापडाची, आत चिंध्या आणि पपायरसचे तुकडे भरलेली, डोक्याला एक निळा काचमणी. कोरड्या वाळूने ती राखली. आपल्याकडची बाहुली दमट हवेतून आणि उंदरांच्या तावडीतून वाचली, तरी धाकट्या बहिणीच्या हातून वाचत नाही. अंग पार फाटले की तिला उसवतात, आतल्या चिंध्या उन्हात टाकतात आणि नव्या बाहुलीच्या पोटात भरतात.