विजयाचं चित्र घेताना रंग आणि ब्रश कसा बघायचा : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

निकाली कुस्ती मारलेल्या पैलवानाचं, कबड्डीचा चषक उचललेल्या पोरांचं तैलचित्र करून घ्यायला खानापूर, निपाणी, चिकोडीकडून मंडळी आमच्याकडे येतात. चित्र हातात आलं की बहुतेक जण आधी चेहरा बघतात. चेहरा हुबेहूब हवाच, त्यात वाद नाही. पण हुबेहूब चेहरा फोटोतही मिळतो. पैसे मोजून चित्र करून घेताय, तर विजय रंगात उतरलाय का आणि ब्रशच्या फटक्यात दिसतोय का, हे तुम्ही तपासून घ्यायला हवं. ते कसं करायचं, एवढंच या पत्रकात सांगितलंय. उदाहरण कुस्तीचं घेतलंय, कारण सगळ्यात जास्त कामं तीच असतात.

माती आधी बघा

आखाड्याच्या मातीत ताक, तेल, लिंबू, हळद घालतात, तशी कावही घालतात. काव म्हणजे लोहाचा ऑक्साइड. तैलरंगातले तांबडे मातकट रंग त्याच लोहापासून येतात. म्हणून मैदान रंगवताना आम्ही ट्यूबमधला भडक लाल घेत नाही. लाइट रेड (मातकट तांबडा), यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि किंचित पांढरा मिसळला की आखाड्याची खरी माती उतरते.

ही माती नुसती पायाखाली राहत नाही. उन्हात तिचा उजेड वर फेकला जातो. पैलवानाच्या हनुवटीखाली आणि दंडाच्या खालच्या बाजूला तांबूस झाक दिसली पाहिजे. ती नसेल तर माणूस मैदानात उभा आहे असं वाटत नाही, कापून चिकटवल्यासारखा दिसतो. उलट, पाठीवरच्या सावलीत निळसर छटा असते, कारण तिथं आभाळाचा उजेड पडतो. "अंगावर निळा कशाला?" असं पुष्कळ जण विचारतात. त्या निळ्यामुळेच शेजारचं ऊन ऊबदार वाटतं. काळा मिसळून केलेली सावली मेलेली दिसते, ती आम्ही करत नाही.

आता पाठ बघा. माती दोघांच्याही अंगाला असते, लढताना एकमेकांच्या अंगावर टाकलेली. ती विखुरलेली आणि भुरभुरीत दिसते. कोरड्या ब्रशवर अगदी थोडा रंग घेऊन कॅनव्हासवरून हलकेच ओढला की तशी उमटते. पण चितपट झालेल्याच्या खांद्यांवरची माती दाबून बसलेली असते. ती आम्ही पॅलेट नाइफनं, म्हणजे रंग कालवायच्या बोथट पात्यानं, जाड थापतो, बोट फिरवलं तर खडबडीत लागेल अशी. निकाल काय लागला हे या दोन पाठी सांगतात. चित्रात पंचाचा हात वर नसला तरी चालतं.

सगळ्यात तेज रंग एकाच जागी

फेटा, गुलाल, लंगोट, मागची गर्दी. सगळीकडे सारखाच भगवा आणि गुलाबी पेरला की नजर भिरभिरते. तुमच्या चित्रात सगळ्यात तेज रंग एकाच जागी असेल, बहुतेक वेळा विजेत्याच्या डोक्याजवळ. गर्दीतले फेटे आम्ही मुद्दाम मळकट ठेवतो. गर्दीत आपल्या भावकीतले सगळे ओळखू यावेत असा आग्रह काही जण धरतात. आमची विनंती, तो धरू नका. दहा चेहरे स्पष्ट केले की अकरावा, ज्याच्यासाठी चित्र केलं, तो हरवतो.

अमेरिकन चित्रकार जॉर्ज बेलोज यानं १९०९ साली मुष्टियुद्धाचं 'स्टॅग ॲट शार्कीज' हे चित्र केलं. त्यात कडेच्या प्रेक्षकांचे चेहरे ब्रशच्या चार-दोन फटक्यांत उरकलेत, तरी आरडाओरडा ऐकू येतो. बेलोजचंच १९२४ चं दुसरं चित्र डेम्प्सी आणि फिर्पो या मुष्टियोद्ध्यांच्या लढतीचं आहे. ही लढत डेम्प्सीनं जिंकली. चित्रात मात्र तो दोरांवरून रिंगणाबाहेर कोसळतोय. म्हणजे विजयासाठी दरवेळी गदा खांद्यावर घेतलेला क्षणच हवा असं नाही. डाव लागतानाचा, अगदी आपला पैलवान अडचणीत असतानाचा क्षणही आम्ही सुचवू. त्यावर जरूर विचार करा.

कडा बघा

हलणाऱ्या हाताची कड विरघळलेली आणि रोवलेल्या पायाची कड धारदार, असं असेल तर ब्रश चालवणाऱ्याला कुस्ती कळलीय. सगळ्या कडा सारख्याच रेखीव असतील तर ढाकेचा डाव मारतानाही पैलवान पुतळा वाटेल. के. बी. कुलकर्णींसारखा चित्रकलेचा गुरू आणि त्यांच्या हाताखाली घडलेले चित्रकार रवी परांजपे ज्या बेळगावात होऊन गेले, तिथल्या गिऱ्हाइकानं एवढं बघूनच काम ताब्यात घ्यावं.

हरलेल्या पैलवानाला अंधारात ढकला, असं कुणी सांगितलं तर आम्ही ते काम घेत नाही. समोरचा तगडा दिसला तरच जिंकणं मोठं दिसतं, आणि तोही कुठल्या तरी तालमीचा पोरगा असतो.

जुना फोटो असेल तर

चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे १९५९ साली पहिले हिंदकेसरी झाले. त्या पिढीचे फोटो कृष्णधवल. घरातल्या आजोबांचा असा फोटो आणलात तर लंगोटाचा रंग, मैदान सकाळचं की दिवस कलतानाचं, माती तांबडी की करडी, हे सांगणारं जाणतं माणूस सोबत आणा. आमच्या मनानं रंग भरलेले तुम्हाला आवडणार नाहीत.

टिकण्याबद्दल

गुलालासाठी अलिझरिन क्रिम्झन हा स्वस्तातला गडद लाल आम्ही वापरत नाही, तो उजेडानं विटतो. क्विनाक्रिडोनचा गुलाबी महाग पडतो, पण टिकतो. जाड थर आतून वाळायला कित्येक महिने लागतात, म्हणून शेवटचं व्हार्निश सहा महिने ते वर्षभरानं लावून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. आपल्याकडच्या पावसात भिंती ओल धरतात. चित्र भिंतीला टेकवू नका, मागं बुचाचे तुकडे लावून हवेला जागा ठेवा. ओल्या फडक्यानं पुसू नका.

चित्र न्यायला याल तेव्हा वस्तादांना घेऊन या. पकड चुकली असेल, पाय उलटा पडला असेल, तर ते त्यांना आधी दिसतं. व्हार्निश लावायच्या आत असली दुरुस्ती आम्ही करून देतो.