कमी दिवसांच्या बाळाची डांग्या खोकल्याची लस: पात्रता, कागदपत्रं आणि तारखांचा हिशेब

बाळ 3 जूनला झालं, डॉक्टरांनी दिलेली तारीख होती 12 ऑगस्टची. म्हणजे पोटात तीसच आठवडे राहिलेलं, कमी दिवसांचं बाळ. मग दीड महिन्याची लस कधी द्यायची? घरातली जुनी माणसं म्हणतात, ‘अजून तर ते पोटातच असायचं, सुई कसली टोचताय!’ सरकारी वेळापत्रक मात्र प्रत्यक्ष जन्मतारखेपासूनच मोजतं. त्यामुळे या बाळाचा पहिला डोस 15 जुलैला, दुसरा 12 ऑगस्टला आणि तिसरा 9 सप्टेंबरला. ज्या दिवशी ते जन्मायला हवं होतं, त्याच दिवशी त्याची दुसरी सुई!

पात्रता. जन्माला सहा आठवडे पूर्ण आणि तब्येत स्थिर, एवढंच. वजनाची अट नाही. माझ्या बहिणीला एका दवाखान्यातून ‘अडीच किलो होऊ दे, मग या’ म्हणून परत पाठवलं होतं. पुढच्या आठवड्यात दुसरीकडे त्याच वजनावर लस मिळाली. डोसही पूर्ण अर्धा मिलिलिटरच. बाळ लहान म्हणून निम्मी लस द्यायची, असा प्रकार नाही. रक्त चढवलं होतं, कावीळ झाली होती, काचेत महिनाभर होतं, या कारणांनी ही लस अडत नाही. आधीच्या डोसनंतर गंभीर त्रास झाला असेल किंवा झटके आटोक्यात नसतील, तर मात्र आधी बालरोगतज्ज्ञांना विचारायचं.

आता घाई का, ते. आईची प्रतिपिंडं (रोगाशी लढणारे घटक) वारेतून बाळाकडे जातात, पण त्यांचा मोठा वाटा शेवटच्या तीन महिन्यांत पोचतो. सातव्या महिन्यातच बाहेर आलेल्या बाळाची ही शिदोरी अर्धवट राहते. त्यात इतक्या लहान बाळाला डांग्या खोकला झाला तर मोठ्या मुलासारखी ‘हूप’, म्हणजे उबळीनंतर श्वास ओढतानाचा आवाज, ऐकूही येत नाही. श्वासच थांबतो, ओठ निळे पडतात.

मग एवढंसं बाळ लसीला दाद देतं का? देतं. खूप लवकर जन्मलेल्या बाळांत प्रतिपिंडं पूर्ण दिवसांच्या बाळांपेक्षा काहीशी कमी तयार होऊ शकतात, पण शरीर लस ओळखतं आणि प्रत्येक डोसगणिक प्रतिसाद वाढत जातो. पहिल्या डोसवर भिस्त ठेवून पुढचे लांबवले, तर नुकसान याच बाळांचं जास्त.

कुठे, कशी. सरकारी कार्यक्रमात डांग्या खोकल्याची लस वेगळी मिळत नाही. ती पेंटाव्हॅलंटमध्ये असते. एकाच सुईत घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब (न्यूमोनिया, मेंदूज्वर करणारा एक जिवाणू). अंगणवाडीतलं लसीकरण सत्र, उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, महापालिकेचा दवाखाना, कुठेही मोफत. सत्राचा वार आशाताईला विचारा. नोंद यू-विन या सरकारी लसीकरण पोर्टलवर होते. मोबाइल नंबर टाकून घरून करता येते, नाहीतर सिस्टर तिथेच करतात.

सोबत न्यायचं: माता-बाल संरक्षण कार्ड, आई किंवा वडिलांचं ओळखपत्र, नोंदवलेला मोबाइल आणि रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड. हे शेवटचं बरेचजण घरी विसरतात, आणि कमी दिवसांच्या बाळाचं तेच महत्त्वाचं. किती आठवड्यांचं होतं, श्वास थांबण्याचा त्रास झाला होता का, तिथे कोणत्या लसी दिल्या, सगळं त्यावर असतं. बारसं झालेलं नसलं तरी चालतं. आईच्या नावाने ‘बेबी ऑफ’ अशी नोंद होते. बाळाचं आधार नसेल तरी काही बिघडत नाही. पहिला डोस माहेरी, दुसरा सासरी झाला तरी कार्ड तेच राहू द्या, नवीन काढू नका.

दीड महिना झाला तरी बाळ अजून रुग्णालयातच असेल, तर पहिला डोस तिथेच द्यायला सांगा. अठ्ठावीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांत सुईनंतर श्वास थोडा वेळ अडखळण्याची शक्यता असते, म्हणून 48 ते 72 तास त्यांच्यावर लक्ष ठेवतात. पहिल्या वेळी असं झालं असेल, तर दुसरा डोसही रुग्णालयात, देखरेखीखाली.

केंद्रावर दिली तर सुईनंतर अर्धा तास तिथेच थांबा. डाव्या मांडीवर सूज, किरकिर, अंग तापणं हे अपेक्षितच. तापाच्या औषधाचे थेंब बाळाच्या वजनावर ठरतात, शेजारच्या बाळाच्या बाटलीवर नाही. सिस्टरकडून आकडा लिहून घ्या. बाळ निळं पडलं, निपचित पडलं किंवा दूधच ओढेना झालं, तर सकाळची वाट बघू नका.

तारीख चुकली तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. राहिलेला डोस घ्यायचा, दोन डोसांत किमान चार आठवडे ठेवायचे. पुढे 16 ते 24 महिन्यांत आणि पाच-सहा वर्षांचं झाल्यावर डीपीटीचे (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर असतात, तोवर कार्ड जपून ठेवा.