‘त्रेसष्ट’ आणि ‘साठ तीन’

सासूबाई आकडे सांगत होत्या, दुसरीतली लेक पाटीवर लिहीत होती. ‘त्रेसष्ट’ म्हटल्यावर तिनं आधी 3 काढला, शेजारी 6. मग स्वतःशीच ‘साठ... तीन’ असं पुटपुटली, बोटानं पुसलं आणि 63 लिहिलं. सासूबाईंचा चेहरा उतरला. “हे काय गं नवीन? आम्हाला तीसपर्यंत पाढे तोंडपाठ होते.”

आमच्या कोथरूडच्या घरातलं हे भांडण 2019 साली अख्ख्या महाराष्ट्रानं केलं होतं. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘साठ तीन’ असं वाचन आलं आणि मराठी बुडाली म्हणून ओरड झाली. वाद विधानसभेपर्यंत गेला. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर परोपरीनं सांगत होत्या की, जुनी नावं काढलेली नाहीत, दोन्ही आहेत. पण ऐकतो कोण!

घोळ असा की आपण पालक दोन वेगळ्या गोष्टी एकच समजतो. ‘त्रेसष्ट’ हे संख्येचं नाव आहे. ‘साठ तीन’ ही तिची फोड, म्हणजे सहा दशक आणि तीन एकक. नाव पाठ करावं लागतं, फोड कळावी लागते. आणि मराठीत नाव फोडीच्या उलट चालतं: ऐकताना तीन आधी येतात, लिहिताना सहा. म्हणून 63 चे 36 होतात. त्यात तो ‘तीन’ तरी एका रूपात राहावा? तेवीसमध्ये ‘ते’, त्रेपन्नमध्ये ‘त्रे’, त्र्याहत्तरमध्ये ‘त्र्या’. आणि सत्तरचं झालं ‘हत्तर’. कानडी पोराला ही कटकट नाही. ‘इप्पत्तोंदु’ म्हणजे वीस-एक, लिहायचं तसंच बोलायचं.

फोड कळली की हातच्याची बेरीज सोपी जाते, हे मी रोज बघते. त्या बाबतीत मी शाळेच्या बाजूची. पण नुसत्या फोडीवर मंडईत निभाव लागत नाही. भाजीवाली ‘पंचेचाळीस’च म्हणणार, आणि पोरीनं मनात भाषांतर करेपर्यंत मागचं गिऱ्हाईक पुढं घुसणार.

आणि जुनी नावं अगदीच आंधळी नाहीत, हे मला परवा सासूबाईंनी दाखवलं. भाजीवालीनं ‘एकोणऐंशी’ सांगितले. लेक गोंधळली, ऐंशी ऐकून 89 म्हणाली. आजी म्हणाल्या, “एकोण म्हणजे एक उणा. ऐंशीला एक कमी.” (99 ला मात्र ‘एकोणशंभर’ कुणी म्हणत नाही, ते नव्व्याण्णवच.)

लेकीनं पन्नासची एक नोट आणि दहाच्या तीन पुढं केल्या, आणि एक रुपया परत मिळेपर्यंत हात मागे घेतला नाही.